धाप लागलेल्याला चालायला सांगावे का?



आपल्या बुलढाणा जिल्ह्यात 'पुनर्वसन' हा शब्द उच्चारला की जिगाव प्रकल्प आठवतो. पूर्णा नदीवरचे धरण, पाण्याखाली जाणारी गावे, नवी गावठाणे, मोबदल्याचे अर्ज. घर उठवून दुसरीकडे वसवणे एवढाच या शब्दाचा अर्थ आपल्याला ठाऊक असतो. आज त्याच्या दुसऱ्या एका वापराविषयी लिहितो आहे. वैद्यकशास्त्रात 'फुफ्फुस पुनर्वसन' नावाचा एक उपचार आहे. सीओपीडी, म्हणजे ज्याला आपण सरसकट जुना दमा म्हणतो तो आजार, किंवा क्षयरोग बरा झाल्यावर फुफ्फुसात मागे राहिलेले व्रण, यांमुळे ज्यांचा श्वास कायमचा तोकडा झाला आहे त्यांच्यासाठी तो आहे. युरोपीय भाषांत या अर्थी जो शब्द वापरतात तो मध्ययुगीन लॅटिनमधून आलेला आहे. त्या काळी कायद्याचे जाणकार तो वापरीत ते एखाद्याचे काढून घेतलेले पद, हक्क आणि मान त्याला परत देण्याच्या संदर्भात. मला हा जुना अर्थ जास्त खरा वाटतो. आजारी माणसाकडून आजार काय काढून घेतो, आणि त्यातले काय परत देणे आपले कर्तव्य ठरते, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी घरोघरी जाताना एक दृश्य पुन्हा पुन्हा दिसते. दाराशी प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत आजोबा किंवा आजी, शेजारच्या फळीवर पंप. आजोबा पाण्यासाठी उठू लागले की आतून आवाज येतो, "बाबा, तुम्ही नका उठू, मी आणतो." हा प्रेमाचा आवाज असतो. पण त्या माणसाचे गेल्या चार-पाच वर्षांतले जग पाहा. आधी शेत सुटले, मग आठवडी बाजार, मग चर्च, मग पानठेला, मग ओटा. आता खाटेपासून मोरीपर्यंतची वाट तेवढी उरली आहे. हा सगळा मुलूख एकट्या आजाराने घेतला असे आपण समजतो. वैद्यकशास्त्र सांगते की त्यातला बराचसा खुर्चीने घेतला.

ते कसे, हे थोडे समजून घेऊ. सीओपीडीत खरी अडचण हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडण्याची असते. श्वासनळ्या अरुंद झालेल्या असतात. जुनी हवा पुरती बाहेर पडण्याआधीच पुढचा श्वास येऊन ठेपतो, छाती फुगलेलीच राहते आणि फुगलेल्या छातीत नवी हवा मावत नाही. माणूस घाबरतो, घाबरून भरभर श्वास घेतो आणि हवा आणखी अडकते. असा अनुभव दोन-चार वेळा आला की तो चालणे टाळू लागतो, आणि इथून दुसरे चक्र सुरू होते. न चालल्याने मांडीचे स्नायू झिजतात. झिजलेले स्नायू थोड्याशा कामानेही लवकर थकतात आणि तेवढ्याच कामासाठी जास्त श्वास मागतात. म्हणजे ज्याच्यापाशी श्वास कमी आहे त्याचेच पाय श्वासाची उधळपट्टी करू लागतात. मग आणखी धाप, म्हणून आणखी बसणे. फुफ्फुस होते तिथेच आहे, आणि माणूस मात्र खाली खाली जातो आहे.

फुफ्फुस पुनर्वसन हे चक्र पायांच्या बाजूने तोडते. आधी डॉक्टर तपासतात. हृदय, रक्तातला ऑक्सिजन, सांधे. मग सहा मिनिटांत सपाट जागेवर माणूस किती मीटर चालतो ते मोजतात. त्यानंतर आठवड्यातून दोन-तीन वेळा, निदान सहा ते आठ आठवडे, प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली चालणे, सायकल, मांड्यांचे आणि हातांचे व्यायाम. काहींना व्यायाम करताना ऑक्सिजनही लागतो. गरम चहावर फुंकर घालावी तसा ओठांचा चंबू करून श्वास सावकाश सोडायला शिकवतात; त्याने श्वासनळ्या थोडा वेळ जास्त उघड्या राहतात. पंप नीट कसा ओढायचा, काय खायचे, बिडी-तंबाखू कशी सोडायची, धाप लागली तर न घाबरता काय करायचे, हेही त्यातच येते. आपल्याकडे कोणी म्हणेल, आम्ही प्राणायाम करतोच की. जरूर करावा. पण नुसत्या प्राणायामाने मांडीला बळ येत नाही, आणि इथे अर्धा आजार मांडीत आहे.

या उपचाराची एक गंमत आहे. सहा-आठ आठवड्यांनंतर फुफ्फुसाची फुंकण्याची तपासणी पुन्हा केली तर आकडा बहुधा होता तेवढाच येतो. यंत्राच्या लेखी काहीच घडलेले नसते. आणि तो माणूस आता न थांबता गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतो, स्वतःची आंघोळ स्वतः करतो, रात्री घाबरून उठत नाही. तर मग तो बरा झाला की नाही? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना 'आरोग्य म्हणजे काय' यावर आम्ही पानेच्या पाने लिहीत असू. त्या सगळ्या पानांपेक्षा हे एक उदाहरण मला जास्त शिकवून गेले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ज्याला चार पावलांत धाप लागते त्याला चालायला सांगणे हे क्रौर्य नाही काय? घरच्यांना तसे वाटते, आणि त्यांचे वाटणे मी हलके समजत नाही. आपल्या बापाला हापसताना पाहणे सोपे नाही. एके काळी डॉक्टरसुद्धा अशा रुग्णांना विश्रांतीच सांगत. पण दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. धाप हे दुःख आहे हे खरे. पण प्रत्येक धाप हा धोका नसतो. तपासणी होऊन, मोजून दिलेल्या व्यायामात लागणारी धाप, ज्यात बोलता येते पण गाता येत नाही, ती नांगरणीनंतर धडधाकट माणसाला लागणाऱ्या धापेच्याच जातीची असते. छातीत दुखणे, भोवळ, ओठ निळे पडणे ही वेगळी गोष्ट. तिथे थांबायचे आणि डॉक्टर गाठायचा. धाप पाहवत नाही म्हणून आपण माणसाला बसवतो, तेव्हा आपण नेमके कोणाचे दुःख कमी करतो? बरेचदा आपले स्वतःचे. त्याचे दुःख आपण फक्त पुढच्या वर्षावर ढकलतो, आणि तेही वाढवून.

मात्र याचा अर्थ आजाऱ्याला ढकलून उठवावे असा नाही. संत योहानाच्या शुभवर्तमानात बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे आजारी असलेल्या माणसाची हकिगत आहे. प्रभू येशू त्याला आधी विचारतो, की बरे व्हायची तुझी इच्छा आहे का. लहानपणी मला हा प्रश्न विचित्र वाटे. अडतीस वर्षे पडून असलेल्याला हे काय विचारायचे? पण इतकी वर्षे त्याच्याविषयी सगळे ठरवले गेले असेल, त्याला मात्र कोणी विचारले नसेल. आणि त्याचे उत्तरही पाहा. तो इच्छेविषयी बोलतच नाही. पाण्यापर्यंत न्यायला आपल्याला कोणी नाही, एवढेच सांगतो. आमचे दमेकरी त्याच्यासारखे बरे होणार नाहीत, तसे आश्वासन कोणी देऊ नये. पण त्यांनाही हा प्रश्न विचारायला हवा, आणि 'कोणी नाही' हे उत्तर आले तर ते त्यांच्या इच्छेचे अपयश मानू नये.

पोप फ्रान्सिस यांचे शेवटचे दिवस आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिले. १९५७ मध्ये, तरुण वयातच, त्यांच्या उजव्या फुफ्फुसाचा काही भाग काढावा लागला होता. २०२५ च्या १४ फेब्रुवारीला ते रोमच्या जेमेली रुग्णालयात दाखल झाले आणि २३ मार्चला घरी आले. अडतीस दिवसांच्या त्या काळात दोन्ही फुफ्फुसांना न्यूमोनिया झाला होता. रुग्णालयातून निघणाऱ्या निवेदनांत औषधांबरोबर श्वसनाच्या आणि हालचालीच्या व्यायामांचा उल्लेख वारंवार येत असे. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, जीवघेण्या आजारातल्या माणसाला व्यायाम! २० एप्रिलला, पुनरुत्थानाच्या रविवारी, ते सज्जात आले, आशीर्वाद दिला, गाडीतून चौकातल्या लोकांमध्ये फिरले. दुसऱ्या दिवशी ते गेले. त्या व्यायामांनी त्यांना बरे केले असे मी म्हणत नाही. ज्याच्यापाशी थोडे दिवस उरले आहेत त्याला लोकांत यावेसे वाटणे ही साधी माणसाची इच्छा आहे, आणि त्या वयातही तिच्यासाठी कोणी तरी त्यांच्याबरोबर रोज कष्ट घेतले, एवढेच सांगतो.

पण पोपना जे मिळते ते पऱ्हाटीच्या धुरात जन्म काढलेल्या आजीला का मिळावे, असे विचारणारे लोक आहेत. ते उघडपणे विचारत नाहीत, हिशेबाच्या भाषेत विचारतात. हा प्रश्न फार जुना आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या तिसऱ्या भागात हेरोडिकस नावाच्या व्यायामशिक्षकाची टर उडवली आहे. तो कायमचा आजारी पडला, त्याने व्यायाम आणि वैद्यक यांची सांगड घालून स्वतःला सांभाळले आणि तसाच म्हातारा झाला. प्लेटोच्या मते त्याने केवळ आपले मरण लांबवले. त्याच्या जोडीला प्लेटो एक सुतार उभा करतो. वैद्याने लांबलचक पथ्य सांगितले तर हा सुतार म्हणतो की मला आजारी राहायला वेळ नाही, आणि कामावर जातो. जगला तर जगला. जो नेहमीचे काम करू शकत नाही त्याच्यावर उपचार करणे त्याच्याही फायद्याचे नाही आणि नगराच्याही नाही, असा तिथला निष्कर्ष आहे. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून प्लेटोपुढे मी नेहमीच वाकलो आहे. इथे नाही. माणसाची किंमत त्याच्या कामावरून ठरवली की पहिला बळी दमेकऱ्याचा जातो, दुसरा म्हाताऱ्याचा, आणि मग रांग थांबत नाही.

तरी त्या सुताराचे म्हणणे मी टाकून देऊ शकत नाही. त्याला खरोखरच वेळ नाही. आपल्या गावातला शेतमजूर हेच म्हणतो, फक्त त्याचे शब्द वेगळे असतात. "फादर, मजुरी बुडवून आठवड्यातून तीन दिवस कोण जाईल?" आणि जायचे तरी कुठे? पंप तालुक्याच्या गावी मिळतो. पण दोन महिने देखरेखीखाली चालणारा व्यायामाचा हा उपचार मुख्यतः मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांभोवतीच आहे. जळगाव जामोदकडच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या माणसाला मलकापूरहून राजूर घाट चढून बुलढाण्याला येणेच एक दिवसाचे काम आहे. नागपूर तर बुलढाण्याहून तीनशे किलोमीटरच्या पलीकडे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने गरिबांना मोठा आधार दिला आहे, पण तिचा मुख्य भर दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. खाटेवर निजण्याचे पैसे मिळतात. खाटेवरून उठायला शिकण्याचे मिळणे कठीण.

हे सगळे उपचार सिद्ध न झाल्यामुळे असते तर गोष्ट वेगळी होती. २०१५ साली कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने पासष्ट प्रयोगांचा, ३,८२२ रुग्णांचा एकत्र आढावा प्रसिद्ध केला. श्वास, थकवा, चालण्याचे अंतर, मनाची उभारी, सगळ्यांत सुधारणा दिसली. ती इतकी स्पष्ट होती की पुनर्वसन दिलेले आणि न दिलेले यांची तुलना करणारे नवे प्रयोग आता नकोत, असे संपादकांनी सांगून टाकले. नीतिशास्त्रात आपण दोन प्रकारचे अज्ञान मानतो. एक दूर करता न येणारे, त्याचा दोष लागत नाही. दुसरे, दूर करता येण्यासारखे असून न केलेले. २०१५ नंतर या बाबतीत पहिल्या प्रकारचे अज्ञान उरलेलेच नाही. जे उरले ती हयगय आहे. आणि ती फक्त गरीब देशांची नाही. अमेरिकेत २०१४ साली सीओपीडीमुळे रुग्णालयात राहून घरी गेलेल्या १,९७,३७६ वृद्धांची नोंद तपासली तेव्हा नव्वद दिवसांच्या आत पुनर्वसन सुरू केलेले जेमतेम दीड टक्के निघाले. त्यांच्यात वर्षभरात दगावणाऱ्यांचे प्रमाण ७.३ टक्के होते, इतरांत १९.६. जे गेले ते मुळातच थोडे सशक्त असतील अशी शंका रास्त आहे. संशोधकांनी तेही हिशेबात धरले, तरी फरक उरलाच. आपल्या देशात १९९० साली सीओपीडीचे २.८१ कोटी रुग्ण होते, २०१६ पर्यंत ते ५.५३ कोटी झाले असा अंदाज आहे.

इथे कोणी तरी हमखास म्हणते, "बिडी ओढली, आता भोगा." भोगावर प्रवचन करण्याचा मोह आम्हा धर्मगुरूंनाही आवरत नाही. पण जिने आयुष्यात बिडीला हात लावला नाही आणि पऱ्हाटी, तुऱ्हाटी, गोवऱ्या पेटवून चाळीस वर्षे घरच्यांच्या भाकरी भाजल्या तिचे काय? पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी डॉ. बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हेच मांडले होते, की सीओपीडी हा केवळ धूम्रपान करणाऱ्यांचा आजार नाही. चुलीचा धूर, कामाच्या जागची धूळ आणि पूर्वीचा क्षयरोग यांचाही त्यात मोठा वाटा आहे. खामगाव-मलकापूरच्या जिनिंगमध्ये किंवा सोयाबीनच्या थ्रेशरपुढे कुटार अंगावर घेत उभे राहिलेल्यांना ते वेगळे सांगायला नको. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, गॅस घरोघरी पोहोचू लागला. पण सिलिंडर भरून आणायला पैसे नसले की चूल पुन्हा पेटते, आणि आधी आत गेलेला धूर काही बाहेर येत नाही. बिडी ओढणाऱ्याचेही तेच म्हणेन. मलेरियाचा डास चावला तेव्हा तू मच्छरदाणी का लावली नव्हतीस, असे विचारून आपण गोळी नाकारत नाही.

मग करायचे काय? महागडी यंत्रे लागतात हा गैरसमज आधी काढू या. युगांडात, कंपालाच्या मुलागो रुग्णालयात, क्षयरोगानंतर फुफ्फुस खराब झालेल्यांसाठी सहा आठवड्यांचा कार्यक्रम चालवला गेला. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लोक जास्त अंतर चालू लागले, त्यांचा त्रास कमी झाला. भारतातही पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठाबरोबर या विषयावर काम केले आहे. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या संशोधकांनी २०१७ मध्ये आणखी साधी गोष्ट दाखवली. प्रशिक्षित माणसाची घरी एक भेट, आणि मग आठवड्याला एक असे सात फोन. आठ आठवड्यांच्या शेवटी घरी चालणारे रुग्ण केंद्रात जाणाऱ्यांपेक्षा मागे पडले नव्हते. सुताराच्या 'वेळ नाही'ला मला सापडलेले हे सगळ्यात प्रामाणिक उत्तर आहे.

२०२४ मध्ये बुलढाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. एक लांब व्हरांडा, एक फिजिओथेरपिस्ट, बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचे यंत्र, काही खुर्च्या आणि फोन, एवढ्यावर असा कार्यक्रम उभा राहू शकतो. तो तिथे व्हावा, आणि तालुक्याच्या रुग्णालयांतून त्याचा फोन जावा, अशी मागणी करणारे एक निवेदन तयार केले आहे. मिस्सेनंतर ते चर्चच्या मागच्या टेबलावर ठेवले जाईल. वाचून पटले तर सही करावी. इतर धर्मांचे शेजारीही सही करू शकतात. धूर सगळ्यांच्याच चुलीतून निघतो.

तोवर आपण आपल्याकडून एवढे करू. आपले कोणी खुर्चीला खिळलेले असेल तर आधी त्यांना डॉक्टरांकडे न्या आणि सरळ विचारा, की यांना किती चालवायचे आणि केव्हा थांबवायचे. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर त्यांना शनिवारी सकाळी आठला चर्चच्या आवारात आणा. उत्तरेकडच्या भिंतीलगत तीस मीटर सपाट जागा मोजून घेतली आहे आणि दर दहा मीटरवर एक खुर्ची ठेवली आहे. युवक मंडळातले दोघे सोबत चालतील. त्यांना ताकीद दिली आहे की पुढे चालायचे नाही, हात धरून ओढायचे नाही, आणि चालताना बोलत राहायचे. कारण आजोबांना उत्तर देता येत नसेल तर थांबायची वेळ झाली आहे. पंप बरोबर आणायला विसरू नका.

आपला,
धर्मगुरू